वाळूच्या देशातलं पाणी

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही कुठं गेला होतात? कुणी आजोळी गेला असेल, कुणी कोकणात, तर कुणी घरीच मातीचा किल्ला करण्यात रमला असेल. आम्ही मात्र यंदा चक्क वाळवंटात गेलो होतो! पण त्या प्रवासाची गोष्ट सुरू होते ती आमच्या वर्गात.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी मुलांना सांगितलं, "आम्ही राजस्थानात वाळवंट बघायला चाललोय." झालं! वर्गात एकच गलका उडाला. "बाई, उंटावर बसणार?" "बाई, तिथली वाळू आणा!" "बाई, तिथं साप असतात का हो?" तेवढ्यात शेवटच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. एरवी ती फारशी बोलत नाही. म्हणाली, "बाई, तिथं पाणीच नाही ना? मग माणसं तिथं राहतात कशाला? आमच्यागत निघून का जात नाहीत?"

वर्ग गप्प झाला. तिचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की गावात ट्रॅक्टर येतो, त्यात भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, शेरडं-कोंबड्या भरल्या जातात, आणि अर्धी गल्ली रिकामी होते. "तू आजीजवळ राहा, शाळा बुडवू नकोस," असं मी तिला कितीदा सांगितलं होतं. ती मान हलवायची. पण ते 'हो' असायचं की 'नाही', ते मला कधी कळलं नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "विचारून येते हं," एवढंच म्हटलं आणि तो प्रश्न सामानासारखा बरोबर घेऊन निघाले.

पुण्याहून रेल्वेनं आम्ही जोधपूर गाठलं. आम्ही म्हणजे मी, आमचे हे, सातवीतला थोरला, तिसरीतली धाकटी आणि सासूबाई. जोधपूरला एक मोठी गाडी भाड्यानं ठरवली होती. तिचे ड्रायव्हरकाका पागोटंवाले, झुबकेदार मिशांचे. हात जोडून म्हणाले, "खम्मा घणी सा!" धाकटीला ते इतकं आवडलं, की पुढचे सहा दिवस ती दिसेल त्याला, अगदी उंटालासुद्धा, 'खम्मा घणी' करत होती.

जोधपूर शहर राव जोधा यांनी १४५९ मध्ये वसवलं. त्यांचा मेहरानगड किल्ला उंच खडकावर असा उभा आहे, की खालून बघताना मान दुखते. वरून शहर पाहिलं तर जुन्या वस्तीतली कितीतरी घरं निळ्या रंगाची! या किल्ल्याची एक दंतकथा आहे. त्या टेकडीवर चिडियानाथ नावाचे एक साधू राहत होते. किल्ल्यासाठी त्यांना हलवलं, तेव्हा ते रागावून म्हणाले, "तुझ्या राज्याला पाण्याचा दुष्काळ पडेल!" कथा खरी-खोटी कशीही असो, पण शापसुद्धा पाण्याचाच! इथली माणसं सगळ्यात जास्त कशाला भीत होती, हे त्यावरून कळतं.

किल्ल्याच्या पायथ्याशी जुन्या शहरात 'तूरजी का झालरा' आहे. झालरा म्हणजे आपल्याकडची बारव, पायऱ्यांची विहीर. एका राणीनं ती १७४० च्या दशकात बांधवून घेतली. चारी बाजूंनी त्रिकोणी पायऱ्यांची नक्षी खाली खाली उतरत जाते. पाणी वर असो वा तळाला, पायऱ्या तुम्हाला तिथवर नेतातच. मधली बरीच वर्षं हा झालरा गाळानं आणि कचऱ्यानं बुजला होता. अलीकडे तो साफ केला, तेव्हा आतला तांबूस दगड पुन्हा दिसू लागला. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या गावच्या बारवेतबी आधी असंच पाणी होतं. आता नारळाच्या करवंट्या नि प्लॅस्टिक." आम्ही काहीच बोललो नाही.

दुपारी ओसियाँची बाराशे वर्षांपूर्वीची कोरीव देवळं पाहिली आणि मुक्कामाला फलोदीला पोहोचलो. मित्रांनो, हे फलोदी म्हणजे साधंसुधं गाव नाही बरं का! १९ मे २०१६ या दिवशी इथं ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. तोवर भारतात एवढं तापमान कधीच नोंदलं गेलं नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा मात्र पहाटे स्वेटर घालावा लागला.

पहाटे उठायचं कारण होतं खीचन. फलोदीजवळचं हे छोटं गाव. उजाडायला लागलं तसा आकाशातून 'कुर्र कुर्र' आवाज येऊ लागला. बघतो तर काय, करड्या रंगाचे, काळ्या मानेचे, तीन फूट उंचीचे पक्षी रांगा धरून येताहेत! एक रांग, दुसरी रांग, मग मोजणंच सुटलं. हे कांड्या करकोचे. तिकडे यांना 'कुरजां' म्हणतात. मंगोलिया आणि मध्य आशियाकडून, हिमालय ओलांडून, ते दर हिवाळ्यात इथं येतात आणि मार्चच्या सुमारास परत जातात. गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी कुंपण घालून एक आवार राखलंय. तिथं रोज शेकडो किलो धान्य टाकलं जातं. त्यात काय असतं, सांगा पाहू? ज्वारी! आमच्या सोलापूरची मुख्य पेरणी ज्वारीचीच. थोरला म्हणाला, "आई, हे तर आपल्याकडचंच जेवण जेवतात!" गावातल्या तलावांवर हे पक्षी दिवसभर उतरतात. जून २०२५ मध्ये खीचनला जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर यादीत स्थान मिळालं. वाळवंटातली पाणथळ जागा! ऐकायलाच गंमत वाटते ना?

तिथून पोकरणकडे निघालो. रस्ता सरळ, पट्टीनं आखल्यासारखा. आमच्या मुलांना वाटलं होतं, वाळवंट म्हणजे नुसत्या वाळूच्या टेकड्या. पण थरच्या वाळवंटात खडकाळ माळ आहेत, काटेरी झुडपं आहेत, बाजरीची शेतं आहेत, मेंढ्यांचे कळप आहेत. आणि माणसं तर आहेतच. जगातल्या सगळ्यात दाट वस्तीच्या वाळवंटांत थरचं नाव घेतात. मला सारखी ती शेवटच्या रांगेतली मुलगी आठवत होती.

भर दुपारी धाकटी ओरडली, "पाणी! रस्त्यावर पाणी सांडलंय!" खरंच, दूरवर डांबरी रस्ता ओला चमकत होता. गाडी पुढं जाईल तसं ते पाणीही पुढं पुढं सरकायचं. हेच ते मृगजळ. उन्हानं तापलेल्या रस्त्यालगतची हवा खूप गरम होते, वरची हवा त्या मानानं थंड असते. या दोन थरांतून येताना आकाशाचा उजेड वाकतो आणि आपल्याला जमिनीवर आकाश दिसतं. आपण त्याला पाणी समजतो. पोकरण या नावाचा अर्थच मुळी 'पाच मृगजळांची जागा' असा सांगतात. याच पोकरणजवळच्या वाळवंटात भारतानं १८ मे १९७४ रोजी आणि पुन्हा ११ व १३ मे १९९८ रोजी अणुचाचण्या केल्या. दुसऱ्या वेळच्या कामात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम होते, हे तुम्ही वाचलंच असेल.

संध्याकाळी जैसलमेर आलं. उन्हं कलली होती आणि समोर टेकडीवर अख्खा किल्ला सोन्याचा! पिवळ्या वालुकाश्माचे त्याचे ९९ बुरूज उन्हात असे काही झळकतात की बघत राहावं. रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये हा बांधायला घेतला. आपल्याकडच्या बहुतेक गडांवर आता फक्त पडके वाडे दिसतात. पण या किल्ल्यात आजही हजारो माणसं राहतात. आत दुकानं आहेत, जैन मंदिरं आहेत, गल्लीत क्रिकेट चाललेलं असतं. २०१३ मध्ये राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यातला हा एक.

आता एक नवल ऐका. साडेआठशे वर्षं हा किल्ला शत्रूंशी झुंजला, उन्हात तापला, वादळात उभा राहिला. पण त्याला सगळ्यात मोठा धोका कुणापासून झाला असेल? पाण्यापासून! पूर्वी किल्ल्यात पाणी डोक्यावरून यायचं. घडाभर पाणी जपून वापरलं जायचं. पुढं नळ आले, हॉटेलं आली, न्हाणीघरं वाढली. सांडपाणी टेकडीत मुरू लागलं, पाया मऊ पडू लागला, बुरूज खचू लागले. १९९६ मध्ये धोक्यातल्या वास्तूंच्या एका जागतिक यादीत या किल्ल्याचं नाव आलं. तेव्हापासून दुरुस्तीची कामं चालू आहेत. ड्रायव्हरकाका म्हणाले, "आमच्याकडे म्हणतात, तूप सांडलं तर काही बिघडत नाही, पाणी सांडलं की जीव जळतो."

दुसऱ्या दिवशी गडीसर तलाव पाहिला. १४ व्या शतकात रावळ घडसी यांनी हा तलाव मोठा करवून घेतला. जैसलमेर शहर शेकडो वर्षं याचंच पाणी पीत होतं. आता त्यात कालव्याचं पाणी येतं आणि लोक नावेत बसतात.

मग कुलधरा. शहरापासून साधारण १८ किलोमीटर. तिथं घरं आहेत, गल्ल्या आहेत, देऊळ आहे. फक्त माणसं नाहीत. छपरं गेलेल्या भिंती ओळीनं उभ्या. इथं पालीवाल ब्राह्मण राहायचे. १९ व्या शतकात ते गाव सोडून गेले. लोक सांगतात, की जैसलमेरच्या जुलमी दिवाणाला कंटाळून ८४ गावं एका रात्रीत उठून गेली. काही अभ्यासकांच्या मते पाणी आटत गेलं, कर वाढत गेले आणि गावं हळूहळू रिकामी झाली. थोरल्यानं विचारलं, "इथं भूत आहे म्हणतात, खरं?" मी म्हटलं, "भूत नाही रे. पण कुणाची तरी चूल होती इथं." एका घरात चुलीचा काळा डाग अजून भिंतीवर होता, की मलाच तसं वाटलं, देव जाणे. आमच्या गावची रिकामी गल्ली मला आठवली.

पण पालीवाल गेले तरी त्यांची एक विद्या तिथंच राहिली. तिचं नाव खडीन. उतारावरून येणारं पावसाचं पाणी अडवायला सखल जागी लांबलचक मातीचा बांध घालायचा. पावसाळ्यात तिथं तळं साचतं. ते हळूहळू जमिनीत मुरतं. तळं आटलं की त्याच ओल्या जमिनीत गहू, हरभरा पेरायचा. पुन्हा पाणी द्यायचं नाही! जिथं वर्षाला १५ ते २० सेंटिमीटर पाऊस पडतो, तिथं गहू! आमच्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाला ५० सेंटिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे तिथल्या अडीच-तीनपट. आणि उन्हाळ्यात आमच्या गावात टँकर येतो. खरं सांगते, तो आकडा मला तेव्हा टोचला.

संध्याकाळी सम इथं वाळूच्या खऱ्या टेकड्या भेटल्या. काय मजा आली म्हणून सांगू! मुलं वरून खाली लोळत आली. वाळूवर वाऱ्यानं लाटा काढल्या होत्या आणि त्यावर एका किड्याच्या पावलांची टाक्यासारखी रांग होती. उंटावर बसलो. उंट उठतो ना, तेव्हा आधी मागचे पाय उभे करतो. सासूबाईंनी "अगं आई गं!" म्हणून अशी किंकाळी फोडली, की दुसरे चार उंट बघायला लागले. उंटाच्या मदारीत पाणी नसतं हं, चरबी असते! वारा सुटला की तो नाकपुड्या मिटून घेतो. या भागातल्या गवताळ माळावर माळढोक राहतो, राजस्थानचा राज्यपक्षी. आमच्या सोलापूरजवळच्या नान्नजलाही त्याचं अभयारण्य आहे. जगात मोजकेच माळढोक उरलेत, दीडशेच्या आसपास. आम्हाला काही तो दिसला नाही.

तिसरा दिवस तनोट आणि लोंगेवालाचा. १२० किलोमीटरच्या त्या रस्त्यावर समोरून येणारं वाहन दिसलं की बरं वाटायचं. आधी रामगड लागलं. तिथं इंदिरा गांधी कालव्याच्या एका शाखेवरून आमची गाडी गेली. पंजाबात सतलज आणि बियास या नद्या मिळतात, तिथल्या हरिके बंधाऱ्यापासून हा कालवा निघतो. १९५८ मध्ये काम सुरू झालं आणि १९८७ मध्ये पाणी जैसलमेर जिल्ह्यात पोहोचलं. मुख्य कालवा जवळजवळ साडेसहाशे किलोमीटर लांब! जिल्हाही केवढा मोठा, महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुपटीहून मोठा. कालव्यानं हिरवळ आली. पण काही ठिकाणी पाणी जास्त झालं, जमिनी दलदलीच्या झाल्या, वर मीठ फुटलं.

याच भागात कुंई असतात. कुंई म्हणजे चिमुकल्या तोंडाची खोल विहीर. वाळूच्या खाली काही ठिकाणी खडूसारख्या दगडाचा एक थर असतो. पावसाची ओल त्या थरावर अडते, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. कुंईत ही ओल थेंबथेंब झिरपते. दिवसाला दोन-तीन घडे. तोंड रुंद ठेवलं तर एवढंसं पाणी पसरून उडून जाईल, म्हणून ते अरुंद. अनुपम मिश्र यांनी १९९५ मध्ये 'राजस्थान की रजत बूंदें' हे पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं आहे. त्यातच वाचलं, की कुंई खणणाऱ्याला आत गुदमरायला होतं, तेव्हा वरची माणसं मूठमूठ वाळू जोरानं खाली फेकतात. वाळूबरोबर ताजी हवा खाली जाते! आणि तिथले लोक पावसाची ओल किती अंगुळं खोल गेली, ते मोजायचे. त्या मापाला ते 'रेजा' म्हणायचे.

तनोट मातेचं मंदिर सीमा सुरक्षा दलाचे जवान सांभाळतात. युद्धात पडलेले पण न फुटलेले तोफगोळे तिथं मांडून ठेवलेत. आम्ही मराठीत बोलतोय हे ऐकून एक जवान पुढं आला. "कुठलं गाव, ताई?" तो साताऱ्याकडचा निघाला, माण तालुक्यातला. मुलांना त्यानं प्रसाद दिला आणि पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? "यंदा पाऊस झाला का हो तिकडं?"

जवळच लोंगेवाला. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांचे सुमारे १२० जवान या ठाण्यावर होते. समोरून रणगाड्यांची फौज चालून आली. जवानांनी रात्रभर ठाणं सोडलं नाही. उजाडताच जैसलमेरहून आपली हंटर विमानं आली आणि वाळूत अडकलेल्या रणगाड्यांवर तुटून पडली. त्यातले काही रणगाडे आजही तिथं उभे आहेत. थोरला एका रणगाड्यापुढं बराच वेळ गप्प उभा होता.

चौथ्या दिवशी आम्ही बाडमेरचा रस्ता धरला. वाटेत अकल इथं दगड झालेली झाडं पाहिली. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इथं दाट जंगल होतं, जवळच समुद्र होता! त्या झाडांचे बुंधे आता दगड होऊन पडलेत. त्यातला एक तर १३ मीटरहून लांब. हात लावला तर थंडगार दगड, आणि डोळ्यांना लाकडाच्या रेषा दिसतात.

पुढं ड्रायव्हरकाका म्हणाले, "माझ्या मावशीची ढाणी वाटेवर आहे. जेवल्याशिवाय जायचं नाही." ढाणी म्हणजे शेतातली वस्ती. माती-शेणानं सारवलेली गोल घरं, वर गवताचं टोपीसारखं छप्पर. अंगणात खेजडीचं झाड. सत्तरी ओलांडलेल्या मावशी बाहेर आल्या. त्यांनी आम्हाला आधी पाणी दिलं. अगदी आपल्याकडं देतात तसंच, तांब्या-भांडं.

आणि इथं माझ्याकडून एक चूक झाली. मी अर्धं भांडं प्याले आणि उरलेलं पाणी सवयीनं अंगणात भिरकावलं. वाळूनं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत पिऊन टाकलं. मावशींचा सहा-सात वर्षांचा नातू त्या ओल्या डागाकडं बघत राहिला. मावशी काही बोलल्या नाहीत. हसून त्यांनी माझं भांडं पुन्हा भरलं, पण या वेळी अर्धंच. माझे कान गरम झाले. मुलांना रोज 'नळ बंद करा' सांगणारी मी! सासूबाई हळूच म्हणाल्या, "पी आता सगळं."

जेवायला बाजरीची जाड भाकरी होती, तिला तिकडं सोगरा म्हणतात. सोबत लसणाची चटणी, ताक आणि केर-सांगरीची भाजी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. खेजडी म्हणजे कोणतं झाड, ओळखा बघू! आपण दसऱ्याला जिची पूजा करतो, पांडवांनी जिच्यावर शस्त्रं लपवली, ती शमी. आपण तिला वर्षातून एकदा भेटतो. वाळवंटात ती रोज जेवायला वाढते, शेळ्यांना पाला देते आणि भर उन्हाळ्यात हिरवी राहते.

जेवण झाल्यावर मावशींनी आम्हाला त्यांचं टाकं दाखवलं. जमिनीतली गोल हौदासारखी टाकी, वर झाकण, झाकणाला कुलूप. तीन मीटर रुंद आणि तेवढीच खोल, म्हणजे जवळजवळ २१ हजार लिटर. भोवतालची जमीन चहूबाजूंनी टाक्याकडं उतरती केलेली. तिला आगोर म्हणतात. त्यावर पडलेला पाऊस घरंगळत टाक्यात येतो. आगोरात कुणी चपला घालून जात नाही. पावसाआधी तो झाडून स्वच्छ करतात. मावशी म्हणाल्या, पूर्वी आंघोळसुद्धा खाटेवर बसून करायचे, खाली परात ठेवायची. त्या पाण्यात कपडे धुवायचे आणि मग उरलेलं झाडाला.

मग मी माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न विचारला. "मावशी, इतका त्रास, तर तुम्ही इथून निघून का जात नाही?" ड्रायव्हरकाकांनी तो मारवाडीत सांगितला. मावशी खळखळून हसल्या.

"जातो की! दुष्काळ पडला की आम्हीबी जायचो. गाई-मेंढ्या घेऊन पार माळव्यापर्यंत. चार-चार महिने चालायचो. माझा एक मुलगा वाटेतच जन्मला." मग त्या आगोराकडं बोट करून म्हणाल्या, "पण जायच्या आधी सासू मला झाडू द्यायची. आगोर झाडायचा, टाक्याचं झाकण लावायचं, मगच घर सोडायचं. आम्ही नसताना पाऊस आला तर? त्याला टाकं मोकळं पाहिजे. आम्ही परत यायचो तेव्हा आत पाणी असायचं. कधी नसायचंही. पण झाडून गेलो म्हणजे परत येणार, हे ठरलेलं."

सासूबाईंना मारवाडी येत नाही. पण त्या मावशींचा हात हातात घेऊन बसल्या. १९७२ च्या दुष्काळात सासूबाई बारा वर्षांच्या होत्या. आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या, सुकडी खाऊन दिवस काढायच्या. त्यांनी ते आम्हाला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. तिथं सांगितलं, मराठीत. आणि मावशी मान हलवत होत्या.

परतताना जोधपूरजवळच्या खेजडली गावाला गेलो. १७३० मध्ये राजाची माणसं इथली खेजडीची झाडं तोडायला आली. बिश्नोई समाजाच्या अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या. त्यांच्यासह ३६३ माणसांनी झाडांसाठी प्राण दिले. आम्ही तिथं थोडा वेळ नुसते बसलो. मावशींच्या अंगणातली खेजडी माझ्या डोळ्यांसमोर होती.

सहा दिवसांत हजारेक किलोमीटरचा प्रवास करून घरी आलो. शाळा सुरू झाली. वर्गात गेले, तर शेवटच्या रांगेतली जागा रिकामी. दिवाळीच्या चौथ्या दिवशीच त्यांचा ट्रॅक्टर निघून गेला होता.

उत्तर मी बाकीच्या मुलांना सांगितलं. मग आम्ही सगळे बाहेर गेलो आणि दोरी घेऊन शाळेचं छप्पर मोजलं. लांबी २० मीटर, रुंदी ७ मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. मुलांनी फळ्यावर गुणाकार केला: १४० गुणिले ५००. उत्तर आलं ७०,००० लिटर! थोडं वाया जाईल, थोडं उडून जाईल. तरी आपल्या डोक्यावरून दरवर्षी एवढं पाणी निघून जातं, हे कुणाला खरंच वाटेना. एकानं तीनदा गुणाकार करून पाहिला. शाळेमागं एक जुनी सिमेंटची टाकी आहे, त्यात आम्ही मोडकी बाकं ठेवायचो. ती आता रिकामी करून घासली आहे. छपराला पन्हळ बसवण्यासाठी ग्रामपंचायतीनं पाइप दिलाय. गावची बारव साफ करायचं सासूबाईंनी महिला मंडळात बोलून ठेवलंय, बघू या.

ऊसतोडीचा हंगाम संपला की ती मुलगी परत येईल. पहिल्या पावसाआधी छप्पर झाडायचं काम आम्ही तिच्यासाठी राखून ठेवलंय. हा अंकही तिच्यासाठी ठेवणार आहे. आणि तिच्या आधी जर तो एखाद्या कारखान्याजवळच्या पालावर तुमच्यापैकी कुणाच्या हाती पडला, तर तिला एवढं सांगा: तुझ्या प्रश्नाचं उत्तर बाईंनी विचारून आणलंय. तुझी जागा झाडून ठेवली आहे.